डाळिंबी शालू

माझ्या लग्नाचा शालू घ्यायला आम्ही रत्नागिरीहून मुंबईला आलो, तेव्हा ठाकूरद्वारच्या एका लॉजात तीन दिवस उतरलो होतो. मी, वडील आणि आत्या. आई मी दोन वर्षांची असतानाच गेली. मला वाढवलं ते आत्यानं. ती विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि मुंबई आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती.

हौशी बाई. चौपाटी झाली, राणीचा बाग झाला, मुंबादेवी झाली. ट्राममध्ये बसली की शेवटच्या थांब्याशिवाय उतरायचं नाव नाही. गिरगावात पियूष प्यायली आणि म्हणाली, "अगो, हे तर आपलंच ताक. साखर घालून विकतायत मेले." पण दुसरा पेला मागवलाच. संयुक्त महाराष्ट्रासाठी तेव्हा मुंबई पेटलेली, रोज रस्त्यावरून "झालाच पाहिजे" ऐकू यायचं. लॉजाच्या गॅलरीतून मोर्चे बघताना हिला काळजी त्या पोरांच्या बसलेल्या घशांची. "कुणी खडीसाखर तरी द्या हो यांना," म्हणायची.

तिसऱ्या दिवशी वडील धक्क्यावर बोटीची तिकिटं काढायला गेले आणि आम्ही शालू घ्यायला निघालो. उद्या सकाळी बोट, म्हणजे खरेदी आजच उरकायला हवी होती. पसंत केलेल्या शालूला पहिला हात सवाष्णीचा लागावा अशी आमच्याकडची रीत, म्हणून आत्यानंच लॉजच्या मालकीणबाईंना बरोबर घेतलं. दुकान आलं तशी ती स्वतः मात्र बाहेर थांबली. बोळाच्या पलीकडे घड्याळाचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर ती आमच्याकडे पाठ करून बसली. आपली नजर नको लागायला म्हणे. मला असा संताप आला. जिनं माझ्या उवा काढल्या, गोवरात रात्री जागवल्या, तिची नजर मला लागणार होती?

मालकीणबाई प्रत्येक शालूला "छान आहे हो" म्हणत होत्या आणि मी एकही पसंत करीना. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. नाक्यावर दगडफेक सुरू झाली होती, पोलीस आले होते. "माझी पोरं एकटी आहेत," म्हणत मालकीणबाई लॉजकडे पळाल्या. घड्याळवाला दार लावायला लागला. मी धावत जाऊन आत्याचं मनगट धरलं आणि तिला ओढत दुकानात आणलं. आमच्यामागे दुकानदारानं फळ्या लावून घेतल्या.

आत आम्ही तिघंच, मध्ये शालूंचा ढीग. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी म्हटलं, "तू निवडल्याशिवाय मी शालू घेणार नाही. बोट गेली तर गेली."

"वेड लागलंय तुला. मालकीणबाईंना येऊ दे परत."

"बाहेरचे मोर्चेवाले हटून बसलेत ना, तशी मी आत बसते."

शेवटी भिंतीकडे बघतच ती दुकानदाराला म्हणाली, "तो डाळिंबी काढा. बारीक बुट्ट्यांचा. तुम्ही दुसरा दाखवलात तो."

मी चाटच पडले. "तुला काय माहीत?"

"घड्याळवाल्याच्या कपाटाला काच आहे. तिच्यात सगळं दिसत होतं. तो उलगडला तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. मनात भरलाय आणि बोलत नाहीस." मग हळूच म्हणाली, "पाठ फिरवता येते गो. जीव कसा फिरवायचा?"

मला रडूच आलं. दुकानदार भला माणूस. शालू उलगडून ठेवला आणि फळ्यांच्या फटीतून बाहेर बघत उभा राहिला. मी आत्याचा हात धरून शालूवर ठेवला. तिनं झटकन मागे घेतला. मी पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तो तिथेच राहिला, आणि मग ती पदराच्या जरीवरून बोटं फिरवू लागली. शालू ती आयुष्यात एकदाच नेसली होती.

लग्नात ती पुन्हा माजघराच्या दाराआड उभी राहिली. तिथे माझं काही चाललं नाही. सासरी बायकांनी शालू वाखाणला आणि विचारलं, पहिला हात कुणाचा? मी मालकीणबाईंचं नाव सांगून मोकळी झाले. त्याची लाज मला अजून वाटते. आत्या गेली, शालूची जर काळी पडली, पन्नास वर्षांचा भरला संसार झाला. विचारणाऱ्या त्या बायका आता कुणी उरल्या नाहीत, पण सांगून टाकते. पहिला हात आत्याचा होता.