समजलं का, असं न विचारणारी टीचर

माझ्या बायकोने चाळीस वर्षांत कुणाला ‘समजलं का’ असं विचारलं नाही. शाळेत नाही, घरात नाही. मंगळवारी सकाळी मला विचारलं. आम्ही दोघं अवरेकाळू, म्हणजे इकडचे पावटे, सोलत बसलो होतो. भिजवलेला दाणा चिमटीत दाबायचा, साल ताटात, दाणा पातेल्यात. हात चालू ठेवून ती मला धडा शिकवत होती, शून्य पॉइंट पाच मोठं की शून्य पॉइंट पंचवीस मोठं. सांगून झालं आणि म्हणाली, “समजलं ना?” मी हो म्हटलं. समजलं नव्हतं. दुकान उघडायला उशीर होत होता, आणि ती दमलेली दिसत होती, म्हणून हो म्हटलं. दुपारी तीनच्या सुमाराला खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. डॉक्टर म्हणाले हार्ट.

तिला सगळे टीचर म्हणायचे. यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत भाजीवाली, ऑटोवाला, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे. मी लग्नानंतर चिडवायला म्हणून म्हणायला लागलो आणि तेच तोंडात बसलं. मी चौथीतून शाळा सोडलेला शिंपी, ती ट्रेनिंग केलेली, सरकारी कन्नड शाळेत नोकरीला. आमच्या लोकांत तेव्हा हे जरा उलटंच होतं. माझी आई तिला टोचायची, एवढी शाळा आवडते तर नवऱ्यालाही घेऊन जा. टीचरने शाळाच घरी आणली. नवा धडा आला की आधी माझ्यावर. मी मशीनवर, ती समोर स्टुलावर. वर्गात कन्नडमध्ये सांगायचं ते मला मराठीत सांगायची. मी कुठे अडकलो की तिथे पेन्सिलीने रेघ मारायची आणि धडा उसवून परत शिवायची. उसवून हा माझा शब्द, तो तिने घेतला. म्हणायची, “तुम्ही चौथीतून पळालात ते माझ्या नशिबाने. शिकलेला नवरा असता तर मला खरं कोण सांगणार होतं?”

खरं सांगणं एवढंच माझं काम होतं. बाकी माझी तिला काही मदत नव्हती.

समजलं का, हे का विचारायचं नाही, ते तिने मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. मूल हो म्हणतं. घाबरून म्हणतं, किंवा सुटका व्हावी म्हणून म्हणतं. टीचरलाही पुढचं पान उलटायचं असतं. दोघं खूश, आणि पोर आहे तिथंच. त्यापेक्षा ‘आता तू मला सांग’ असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं म्हणायची. घरात तिला ते कधी जमलं नाही, पण वर्गात जमायचं.

चूक सापडली की तिला मावशी भेटल्यासारखा आनंद व्हायचा. एकदा शाळेत तपासणीला साहेब आले होते. दोनशे पाच लिही म्हटल्यावर एका पोरीने दोनशे लिहून त्याच्यापुढे पाच काढला, म्हणजे झाले दोन हजार पाच. साहेब हसले, म्हणून वर्ग हसला. टीचरने खुर्ची ओढली आणि त्या पोरीजवळ बसली. साहेब उभे ते उभेच. नंतर त्यांना म्हणाली, “तिने ऐकलं तसं लिहिलं, सर. अर्धं आपण सांगायचं राहिलंय.” साहेबांनी वहीत काय लिहिलं माहीत नाही. तिची बढती पुढच्या वर्षी झाली नाही, एवढं माहीत आहे. मी म्हटलं, हसायचं होतंस तूही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कोरोनात शाळा बंद झाली तेव्हा तिने मोबाईलवर शिकवायला घेतलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती, सही करून पगार घेतला असता तरी कुणी विचारलं नसतं. पोरांच्या घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात. बाप कामावर जायच्या आत सकाळी साडेसहाला एकेकाला फोन लावायची. मी एकदा बनियनवर मागून गेलो. पोरं विचारायला लागली, मिस, तुमच्या मागे कोण? ती म्हणाली, माझा जुना विद्यार्थी आहे, अजून पास झाला नाही.

रिटायर झाल्यावर तिला इंदिरानगरच्या एका हॉलात बोलावू लागले, नव्या मास्तरांना शिकवायला. बोलावणारी काव्या, तिची जुनी विद्यार्थिनीच, आता ट्रेनिंगचं सगळं बघते. तिथे प्रत्येक मास्तरला टॅब दिलेला. टॅबमध्ये धडा तयार, चित्रं तयार, गाणं तयार, शेवटी प्रश्न आणि बरोबर आलं की टाळ्या. टीचरला टॅबचं वावडं नव्हतं. तिने आमच्या सुमाकडून, म्हणजे मुलीकडून, सगळं शिकून घेतलं होतं. दुसऱ्या गावच्या मास्तरांचे धडे फोनवर बघत बसायची, मध्येच थांबवायची आणि मला म्हणायची, बघा, इथं पोर हरवलं.

तिचा तिथला एकच तास. सुरुवातीला मास्तरांना काहीतरी विचारायची, ते फोनमध्ये बघून लगेच सांगायचे. मग विचारायची, आता फोनला विचारा, तुमच्या वर्गातल्या तिसऱ्या बाकावरच्या पोराला हे का येत नाही? मास्तर फोन खाली ठेवायचे. घरी येऊन मला म्हणाली, “उत्तर आता खिशात असतं हो. चूक खिशात नसते. ती पोराच्या डोक्यात असते, आणि तिथपर्यंत चालत जावं लागतं.” हे मी लिहून ठेवलं नव्हतं, पण विसरलोही नाही.

वरच्या लोकांना तो तास नको होता. त्या तासात टॅब बंद असायचे. टॅब दिलेत कशाला मग, असं कुणीतरी म्हणालं. काव्याने भांडून एक बुधवार मिळवला होता. त्या दिवशी वरचे साहेब मागे बसून बघणार, पटलं तर तास राहणार, नाहीतर पुढच्या ट्रेनिंगपासून सगळं टॅबवर. मंगळवारी सकाळी ती मला जो पॉइंटचा धडा शिकवत होती तो याच तासाचा. माझ्यावर चालला की उद्या हॉलात घ्यायचा. मी हो म्हटलं, आणि तिने पेन्सिल उचललीच नाही.

आता लोक म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, शेवटच्या दिवशी गोडच बोललात ना. गोड बोललो, तेच झालं. रोज खरं बोललो आणि त्या दिवशी गोड बोललो.

सुमा देवनहळ्ळीहून कॅबने आली तोवर शेजाऱ्यांनी सगळं आवरलं होतं. अंधार पडायच्या आत टीचरला पोचवलं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

बुधवारी सकाळी सातला काव्याचा फोन आला. रडत होती. म्हणाली, पहिल्या तासाला मिसचा फोटो ठेवतो, दोन मिनिटं उभे राहतो. मी विचारलं, मग? म्हणाली, मग टॅबवरचा पॉइंटचा धडा लावू, साहेब म्हणतात मिस नाहीत तर तास कोण घेणार. मी म्हटलं, तास मी घेत नाही, मला काही येत नाही. पण मी येतो.

सुमा म्हणाली, “अप्पा, आज? सुतक आहे. लोक भेटायला येतील, त्यांना काय सांगू?”

मी म्हटलं, “सांग, अप्पा शाळेत गेलेत.”

तिनेच कॅब बोलावली.

हॉलात तीस-चाळीस मास्तर आणि टीचर. भिंतीजवळ टेबलावर तिचा फोटो, हार नको तेवढा मोठा. मागे साहेब बसले होते. सगळे उभे राहिले, बसले. काव्या मला हाताला धरून पुढे घेऊन गेली. मी कन्नडमध्ये सांगितलं की मी यांचा नवरा, चौथी शिकलोय. हा धडा काल सकाळी तिने मला शिकवला. मी समजलं म्हणून सांगितलं. मला समजलं नव्हतं. ती खोट्यावर विश्वास ठेवून गेली. आता तुमच्यापैकी कुणीतरी मला शिकवा. मग मी खुर्ची घेऊन फळ्यासमोर बसलो.

मग एक मिशाळ मास्तर आले. त्यांनी नियम सांगितला. मी तसाच बसलो, तर तोच नियम मोठ्या आवाजात सांगितला. मला ऐकू येतं, असं मी म्हटलं. दुसऱ्या एका मास्तरांनी टॅब आणला. त्यात केकचे दहा तुकडे होत होते आणि गाणं वाजत होतं. केक चांगला होता. शेवटी दोन चौकोन आले, मी एकावर बोट ठेवलं, टाळ्या वाजल्या. ते मास्तर खूश झाले. मी त्यांना सांगितलं, दोनच होते, एकावर ठेवलं बोट.

मागून कुणीतरी हसलं. तेव्हा एक पोरगी उठली, पहिलंच वर्ष नोकरीचं असावं. जवळ येऊन म्हणाली, “अज्जा, तुम्हाला कोणतं मोठं वाटतं?”

मी म्हटलं, पंचवीसवालं.

“का वाटतं?”

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पंचवीस पाचापेक्षा मोठे असतात. माझं वय बहात्तर, त्यातले पंचावन्न मशीनवर गेले, एवढं मला कळतं. हॉल हसला, ती हसली नाही. मान हलवत म्हणाली, सरी अज्जा, बरोबर आहे, पंचवीस मोठेच असतात. मग फळ्यावर एक लांब पट्टी काढली, दहा भाग केले, पाच रंगवले. खाली तेवढीच पट्टी काढली, म्हणाली, याचे शंभर भाग करायचे, मग भाग केवढा होईल? मी म्हटलं, बारीक. त्यातले पंचवीस तिने रंगवले. मग खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आता तुम्ही मला सांगा. आणि गप्प बसली.

मी सांगायला लागलो. दहा भागांपर्यंत नीट गेलो. शंभराला आल्यावर गाडी अडकली. काव्या घड्याळ बघत होती, साहेब बघत होते, पोरीच्या कपाळावर घाम आलेला. हो म्हटलं असतं तर सगळ्यांची सुटका होती.

मी म्हटलं, “नाही समजलं.”

तिने फळा पुसला, खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.