गज वाकवायचं चामडं

लालबागच्या आमच्या चाळीत दुर्गा नांदायला आली, तेव्हा ती सांगलीकडच्या कुणा व्यापाऱ्याची मुलगी आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याने, गणपतने आपल्या आईला, राधाबाईंना, तसंच सांगितलं होतं. खरी गोष्ट नवराबायकोतच होती. दुर्गाचे वडील सर्कशीत होते आणि लग्नाआधी तीही त्याच तंबूत पोलादी गज वाकवायची. गणपतने तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिकीट काढून.

अंगाने ती किडकिडीतच. मनगटं तेवढी रुंद. बांगड्या भरताना कासारणीला घाम फुटायचा आणि राधाबाई म्हणायच्या, "कामाची हाडां आसत, दुसरां काय!"

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. आमच्या नाक्यावर दगडफेक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी चाळीला वेढा घातला आणि एकेक खोली तपासायला घेतली.

गणपतच्या खोलीत खाटेखाली दुर्गाची पेटी होती. हवालदाराने ती ओढून उघडली. लुगड्यांच्या खाली गोणपाटात गुंडाळलेले हातभर लांबीचे गज निघाले. ते फरशीवर पडले तेव्हा असा आवाज झाला, की शेजारच्या खोलीतली माणसंही दारात येऊन उभी राहिली.

"हे कुणाच्या डोक्यात घालायला?" फौजदाराने विचारलं.

गणपतने आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. फौजदाराने त्याच्या कानाखाली वाजवली. आईच्या देखत, सगळ्या चाळीच्या देखत.

"गज माझे आहेत," दुर्गा म्हणाली. "मी सर्कशीत होते. वाकवायची मी ते."

हवालदार हसला. फौजदार हसला नाही. "मग वाकवून दाखवा."

तिने पेटीच्या तळातून चामड्याच्या पट्ट्या काढल्या. तिच्या वडिलांनी कापून दिलेल्या. एक पट्टी दुमडली आणि ती पापडासारखी मोडली. मुंबईच्या दमट हवेने आणि वर्षानुवर्षांच्या बंद पेटीने चामडं कुजलं होतं. उघड्या हातांनी वाकवायला गेलं, तर गजाचं टोक तळव्यात घुसतं. हे तिने तंबूत दुसऱ्यांच्या हातांवर पाहिलेलं होतं.

"चामडं पाहिजे," ती म्हणाली.

फौजदाराने मनगटावरचं घड्याळ बघितलं, पण अडवलं नाही. तळमजल्यावर चपला शिवणारे सीताराम धावत जाऊन जे हाताला लागेल ते घेऊन आले. समोरचा रामदास गिरणीतल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घेऊन आला. दुर्गा फरशीवर बसली. पट्ट्याचं चामडं भक्कम, पण त्याने वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं. अंगठा फिरवताच तिने ते बाजूला ठेवलं. "हे ऐन वेळी सुटेल." बकऱ्याचं मऊ चामडं दाबून बघितलं, तर पलीकडच्या बोटाचं नखही जाणवलं. सीतारामांनी मोठ्या मायेने नवं, चकचकीत चामडं पुढे केलं. ते घसरडं होतं. शेवटी तिने म्हशीच्या कातड्याचा एक राकट, बेढब तुकडा उचलला. वाकवून बघितला, हुंगला, उलट बाजूने गालावर घासला.

"ह्याच्या दोन पट्ट्या काढून द्या काका. जास्त रुंद नकोत, मूठ मिटली पाहिजे."

खरखरीत बाजू गजाला लावून तिने दोन्ही टोकं घट्ट गुंडाळली. पदर खोचला. गज हनुवटीखाली धरला आणि दोन्ही मुठी खाली दाबायला लागली. आधी काहीच होईना. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या, एक बांगडी तडकून उडाली. मग गज मधोमध नमला, आणि एकदा नमल्यावर तो वाकतच गेला. दोन्ही मुठी एकमेकींना टेकल्या तेव्हा तिने तो फौजदाराच्या पायाशी ठेवला.

फौजदाराने गज उचलायला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मधला भाग तापला होता.

"खरं आहे बाईंचं," तो म्हणाला. आम्हाला वाटलं, सुटला गणपत. फौजदार हवालदाराकडे वळला. "गज राहू दे. ह्याला घ्या."

"पण साहेब, आता तर…" हवालदार म्हणाला.

"नाक्यावर दगड मारणाऱ्यांत हा होता की नव्हता, ते चौकीवर बघू."

गणपतला दंडाला धरून जिन्याने खाली नेलं. दुर्गा तशीच उभी होती, हातांत चामड्याच्या पट्ट्या लोंबत होत्या. राधाबाईंना वाचा फुटली ती तेव्हा.

"एवढां बळ हातांत आसा, मग सोडलंस कशाक त्याका?"

"आई, मी हात उचलला असता तर त्यांनी बंदुका उचलल्या असत्या."

राधाबाई मटकन खाली बसल्या. मुलगा नेला हा धक्का मोठा, की सून कोण आहे हे इतकी वर्षं कळलं नाही हा, हे त्यांनाच उमगत नव्हतं. त्या रडायच्या, मध्येच थांबून दुर्गाच्या हातांकडे बघायच्या आणि पुन्हा रडायच्या.

गणपतवर काही शाबीत झालं नाही. पंधरवड्याने तो सुटून आला, गाल बसलेले, डाव्या कानाने कमी ऐकणारा. तो कान पुढे सुधारला नाही. राधाबाईंनी त्याला जेवू घातलं, हात धुवायला पाणी दिलं आणि मग फैलावर घेतलं. "व्यापाऱ्याची मुलगी म्हणान सांगलंस माका!"

साठ साली महाराष्ट्र झाला, तेव्हा चाळीच्या पटांगणातल्या समारंभात लोकांनी दुर्गाला आग्रह करकरून उभं केलं. चामडं तिने आदल्या दिवशी सीतारामांकडे बसून स्वतः निवडलं होतं. राधाबाई पहिल्या रांगेत होत्या. गज नमायला लागला तसे त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि शेजारणीला विचारत राहिल्या, "झाला काय गो? झाला काय?"