बँडवाल्यांचा पिक्चर

दौलत भोईरला पिक्चरचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. नटनट्यांची नावं तर सोडूनच द्या. "तो नाय का, ज्याच्यात म्हातारा विहिरीत सायकल टाकतो," एवढं सांगून तो मोकळा व्हायचा. पुढचा शोध ज्याचा त्याने घ्यायचा. पण पिक्चर बघण्यालायक आहे की भिकार, या बाबतीत कल्याणच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये, सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या सकाळच्या पाळीत, दौलतचा शब्द शेवटचा होता. पेपरात आणि मोबाईलवर तारे वाटणारे उंटावरचे शहाणे पुष्कळ आहेत. ते आरामात बसून पिक्चर बघतात, त्यांचं काय ऐकायचं!

इथे वेगळं माप चालायचं आणि ते दौलतनेच घालून दिलेलं. प्रत्येक पलंगाशेजारी एक मशीन. हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, मशीनमध्ये धुऊन निघतं आणि दुसरीतून परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. मशीनच्या पडद्यावर किती वेळ उरला ते दिसत राहतं, आणि ते आकडे मोठे द्वाड. अर्धा तास तरी झाला असेल म्हणून मान वळवावी, तर आठ मिनिटं झालेली असतात. म्हणून पिक्चर संपला की शेजारचा विचारणार, "किती?" म्हणजे, पिक्चर चालू असताना घड्याळाकडे किती वेळा बघितलंत? चार म्हणजे उत्तम. नऊ म्हणजे बायकोने आग्रह केला तरच बघा. पंधरा म्हणजे पिक्चर काढणाऱ्याला इथे आणून सुया टोचा. शून्य मात्र पाच वर्षांत फक्त दोन पिक्चरांना मिळालं होतं.

हा माणूस बावीस वर्षं डोंबिवली पश्चिमेला शेअर रिक्षा चालवत होता. सिग्नलला दहा सेकंद थांबायचं तर हँडलवर बोटं वाजवायचा. राहायला कोपरला, बायको जनी बाजारात मासळी घेऊन बसणारी. किडन्या गेल्या तेव्हा रिक्षाही गेली, आणि ज्याला बूड टेकवायची सवय नाही त्याला आठवड्यातून तीनदा पलंगाला जखडलं. पहिलं वर्ष त्याने नुसत्या आकड्यांकडे बघत काढलं. त्या वर्षाबद्दल तो कुणाशी बोलत नसे. मग जनीने त्याला मोठा मोबाईल आणि कानात घालायची वायर घेऊन दिली, आणि दौलत पिक्चरला लागला तो लागलाच.

सोमवारी पाळी सुरू झाली की गलका. "दौलतकाका, तुमच्या सायकलवाल्याला माझे नऊ!" पलीकडून काळुराम ओरडायचा. हा शहाडला वॉचमन होता. "तुला झोप आलेली, त्यात पिक्चरचा काय दोष?" दौलतचं उत्तर तयार. टेक्निशियन यज्ञेश सुया टोचता टोचता हसायचा. रडायला लागावं अशा जागी माणसं पिक्चरवरून भांडत होती.

दोन वर्षांपूर्वी दौलतच्या शेजारच्या पलंगावर दक्षता आली. सव्वीस वर्षांची, ठाण्याला एका ऑफिसात कामाला होती, आता ते सुटलं होतं. शहाडला आईबरोबर राहायची. वडील नव्हते. आई, मालनताई, आपली किडनी द्यायला निघाल्या होत्या, पण तपासणीत त्यांनाच डायबिटीस निघाला आणि डॉक्टर नाही म्हणाले. मग मुलीचं नाव किडनी मिळण्याच्या यादीत घातलं. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मालनताई चारही तास बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून असायच्या.

दक्षताला पिक्चर लागू पडेना. सायकलवाल्याला चौदा, चोरीच्या पिक्चरला सोळा, भुताच्या पिक्चरलाही अकरा. वीस मिनिटं बघायची आणि मोबाईल उपडा ठेवून आकड्यांकडे डोळे लावायची. "काका, तुमचा चॉईस एकदम बंडल आहे," म्हणायची. मग ती एका शुक्रवारी आलीच नाही. पुढच्या महिन्यात आणखी एकदा नाही. मैत्रिणीचं लग्न होतं, म्हणाली.

दौलतला यातलं कळत होतं. सहा वर्षांत त्याने तीन माणसं अशी जाताना पाहिली होती. आधी एखादा वार चुकतो, कारण देतात, मग दोन चुकतात, आणि एक दिवस त्या पलंगावर नवीनच कुणीतरी असतं. घड्याळ बघणारी माणसंच कंटाळतात, असं त्याचं मत होतं. डॉक्टरी पुस्तकात ते नसेल. पण या पोरीला एकदा तरी चार तास न कळता जायला हवेत, एकदा गेले की ती पुन्हा येईल, हे त्याने मनाशी धरलं. सोन्यासारखी पोर अशी हातची जाते की काय, या विचाराने त्याचा जीव अर्धा व्हायचा. घरी तो रोज पिक्चर बघायला लागला. आवडलेला बाजूला ठेवायचा, पुन्हा बघायचा, आणि नाही, हा नाही चालणार, म्हणून टाकून द्यायचा.

मग बँडवाल्यांचा पिक्चर सापडला. कुठल्याशा भाषेतला होता, बोलणी हिंदीत केलेली. लग्नात वाजवणारी बँड पार्टी चुकून भलत्याच लग्नात जाऊन वाजवू लागते. त्या घरात नवरीकडच्यांना वाटतं बँड मुलाकडच्यांनी आणला, आणि मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडच्यांनी. कुणी कुणाला विचारत नाही. बँडमास्तर नवरीच्या काकाच्या पानात जेवायला बसतो. दुसरीकडे जिथे बँड पोचायला हवा तिथला नवरदेव दोन तास घोड्यावर, आणि शेवटी कंटाळून घोड्यावरून उतरतो आणि स्वतःच पानवाल्याला विचारतो, "इथे लग्न कुठे आहे?" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसला प्रकार. कोलंबी सोलता सोलता जनी इतकी हसली की तिने ताट खाली ठेवलं. "थांबवा जरा, मना आधी हसून घेऊ द्या," म्हणाली. दौलतने पिक्चर थांबवला आणि त्याला कळलं, हाच तो.

सोमवारी त्याने तो दक्षताच्या मोबाईलवर पाठवला. "दोघांनी एकदमच लावायचा. मी बघितलाय, तरी परत बघणार. आणि शून्य आलं नाय तर दौलत नाव लावणार नाय."

"काका, बघा हं. मला काय, घड्याळ आपोआप दिसतं."

"मग ठरवून बघू नको. मान वळवायचीच नाय."

"ठीक आहे, नाही वळवत," ती म्हणाली. तिला पैजेची खुमखुमी चढली होती हे दौलतला दिसलं आणि त्याला बरं वाटलं.

हॉलमध्ये एसीची थंडी फार. चादर सगळेच घेत, पण सुयांचा हात चादरीबाहेर ठेवायचा नियम. रक्त नीट चाललंय ना, हे दिसायला हवं. दक्षता नेहमी हात आत घ्यायची आणि दौलत रिक्षावाल्याच्या आवाजात ओरडायचा, "रिक्षात हात आत, इथे हात बाहेर!" त्या दिवशी तो ओरडला नाही. दोन्ही कानांत वायर घालून तो पिक्चर लावण्यात गुंतला होता.

एक, दोन, तीन म्हणून दोघांनी पिक्चर चालू केला. दौलतचं लक्ष पिक्चरमध्ये नव्हतंच. त्याला जागा पाठ होत्या. हसायची जागा जवळ आली की तो शेजारच्या बाजूची वायर कानातून काढायचा आणि कान द्यायचा. पहिल्या जागी, बँडमास्तर जेवायला बसतो तिथे, दक्षता हसली. दुसऱ्या जागी ती एवढ्या मोठ्याने हसली की यज्ञेशने लांबून मान वर केली. तिसऱ्या जागी तिने तोंडावर उशी दाबली. दौलतला एवढा आनंद रिक्षा नवीन घेतली तेव्हाही झाला नव्हता. तिच्याकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. आपण बघितलं तर तीही मान वळवेल आणि घड्याळ दिसेल.

मग नवरदेव घोड्यावरून उतरला. दौलतने वायर काढली आणि वाट बघितली. नवरदेव पानवाल्यापाशी गेला. त्याने विचारलं. पानवाल्याने उलटं त्यालाच विचारलं, "कुणाचं लग्न?"

शेजारून काहीच आवाज आला नाही.

दौलतला राग आला. खरंच आला. इतका चांगला सीन, जनीसारखी बाई लोळली, आणि ही हसत नाही म्हणजे काय? झोपली असेल. नाहीतर बघत असेल घड्याळ. आजकालच्या पोरांना सगळं आधीच कळलेलं असतं, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. एवढं जीव तोडून शोधून आणलं त्याची हीच किंमत. त्याने वायर परत कानात घातली आणि तोंड फुगवून पुढचा पिक्चर बघत बसला. बघायचं नाही म्हणजे नाही, आता तीच सांगेल.

पाच मिनिटं असतील, सात असतील. फरशी पुसणाऱ्या मावशींची किंकाळी त्याला वायरीतूनही ऐकू आली.

चादरीखाली दक्षताची रक्त परत आत नेणारी सुई सरकली होती. मशीन बाहेर काढत होतं, आणि जे परत जायला हवं ते गादीत आणि गादीतून खाली जात होतं. मशीनने ओरडायला हवं होतं, ते ओरडलं नाही. यज्ञेश त्या वेळी दुसऱ्या टोकाला काळुरामच्या पायात गोळे आले होते ते चोळत होता. सगळे धावले. दौलत धावू शकत नव्हता, त्याच्या हातात सुया होत्या. तिच्या मोबाईलवर पिक्चर चालूच होता. तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी ती गेली.

पुढे चौकशी झाली. चिकटपट्टी, चादर, मशीनचा आवाज, सगळं लिहून घेतलं. यज्ञेश दोन दिवस कामावर आला नाही, आला तेव्हा कुणाशी बोलेना. दौलतला कुणी काही विचारलं नाही. का विचारतील? कोण कुठे हसलं नाही याची नोंद कोण ठेवतं? पण खाई त्याला खवखवे. सगळ्या हॉलमध्ये त्याला एकट्यालाच सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि त्याने ते आपल्या पिक्चरचा अपमान म्हणून घेतलं होतं. मान वळवायला एक क्षण लागतो. दिवसातून चाळीस वेळा वळायची ती मान त्या दिवशी रुसून बसली होती. जनीलाही त्याने हे सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं की कोलंबीचं ताट डोळ्यांसमोर यायचं आणि तोंड मिटायचं.

पंधराव्या दिवशी, सोमवारी, मालनताई मुलीची फाईल न्यायला सेंटरवर आल्या. दौलत बाहेरच्या बाकावर आपल्या नंबरची वाट बघत होता. त्या त्याच्याच शेजारी बसल्या, दोन वर्षं बसायच्या त्याच जागी. हातात डबा नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

"भाऊ, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ती कुठला पिक्चर बघत होती?"

"बँडवाल्यांचा," दौलत म्हणाला.

"तिला आवडला का हो?"

दौलतने होकाराची मान हलवली.

"म्हणजे हसली का ती? घरी आताशा हसायचीच नाही. मी आपली विचारते, तिला काही कळलं असेल का, घाबरली असेल का..." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मोबाईल पुढे केला. "मला देता का तो पिक्चर? तिच्या फोनला कुलूप आहे, मला उघडत नाही. मी बघेन. ती कुठे कुठे हसली तेवढं सांगा. मीही तिथे तिथे..."

दौलतने पिक्चर पाठवायला लावला. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं, खरंच वाटलं. म्हणजे ही बाई आपल्या थोबाडीत मारेल, निदान कुणीतरी मारेल. पण मालनताई इतक्या आशेने त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मारलं असतं तर बरं वाटलं असतं ते त्यालाच, हेही त्याला तेव्हाच कळलं.

"बँडमास्तर जेवायला बसतो ना, तिथे हसली," तो म्हणाला. "मग पानात लाडू वाढतात तिथे. खूप मोठ्याने. मग ढोलवाला नवरीच्या आजीबरोबर नाचतो तिथे."

"आणि मग?"

"आणि मग नवरदेव घोड्यावरून उतरतो आणि पानवाल्याला पत्ता विचारतो."

"तिथे हसली?"

"तिथे तर," दौलत म्हणाला, "सगळ्यात जास्त हसली."

मालनताईंनी ते तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून पाठ केलं. बँडमास्तर जेवतो, लाडू, आजी, घोड्यावरून उतरतो. त्यांचा चेहरा पंधरा दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झाला. उठताना त्यांनी दौलतच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं, शेजारी तुम्ही होतात," त्या म्हणाल्या.

आतून यज्ञेशने दौलतचं नाव पुकारलं.