टेकडी, बाबा आणि अल्लीपूरचे इवाई

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या गिरडच्या टेकडीवर सकाळी सकाळी माझे बाबा एक शर्यत जिंकले... आणि मला तेव्हा वाटलं, जिंकल्या जिंकल्या त्यांच्या लक्षात आलं, की आपण फसलो.

झालं होतं असं, की बाबांच्या पित्ताशयात खडे निघाले होते. दर महिन्या-दीड महिन्याने पोटात कळ उठायची आणि माणूस गडाबडा लोळायचा. शेवटच्या वेळी तर डोळे पिवळे झाले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन टाळाल तर एखादी कळ जिवावर बेतेल.

पण तेव्हा असं ऑपरेशन म्हणजे पोटावर वीतभर चिरा. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, तीस वर्षं बिड्या ओढलेल्या या छातीला भूल द्यायची मलाच भीती वाटते. बिडी बंद, रोज फुगे फुगवायचे, रोज टेकडी चढायची. न थांबता वर पोचलात की या, मी तारीख देतो.

बिडी आईने बंद केली, म्हणजे बंडल चुलीत घातलं. फुगेही फुगवले बाबांनी. झुपकेदार मिशांचा साठीचा माणूस ओसरीवर गाल फुगवून बसलेला... रस्त्याने जाणारे विचारायचे, "काऊन जी, घरी बारसं हाय काय?"

टेकडी मात्र काही केल्या होईना. अर्ध्यावर एक कडुनिंब होता, तिथे आले की बाबा छातीला हात लावून बसायचे. "नाई होत रे. दम लागून राह्यला." महिना गेला, दीड महिना गेला... पुढची कळ कधी येईल याचा नेम नव्हता आणि माझा जीव टांगणीला.

मग एका संध्याकाळी आमचा बैल दावं तोडून शेजाऱ्याच्या तुरीत घुसला. बाबा दोन धुरे, म्हणजे शेताचे बांध, ओलांडून त्याच्यामागे पळाले, पळता पळता बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याला धरून घेऊन आले. श्वास अगदी जागच्या जागी!

मी दारातच उभा होतो. "डॉक्टरनं टेकडी सांगतली, बैल नाई सांगतला," एवढं म्हणून बाबा आत गेले.

म्हणजे गड्याला पळवाट सापडली होती. टेकडी नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर चिरफाड नाही. मला राग आला, हसूही आलं, पण खरं सांगायचं तर भीतीच जास्त वाटली. घाबरलेल्या बापाशी कसं बोलायचं, ते मला येत नव्हतं.

बायकोने मला न विचारता तिच्या वडिलांना पोस्टकार्ड टाकलं. माझे सासरे अल्लीपूरचे, म्हणजे बाबांचे इवाई. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि इवायापुढे कोणी आपली बाजू पडू देत नाही. जेवताना एक पोळी जास्त, बाजारात एक बैल जास्त उंच... हे चालायचंच.

चार दिवसांनी मामाजी, म्हणजे माझे सासरे, एसटीतून उतरले. धोतर, टोपी आणि पुढे चांगलं डेरेदार पोट. दुसऱ्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी म्हणाले, "इवाई, तुमी बसा आरामात. तुमच्या नावानं वरच्या दर्ग्यावर मीच फुलं वाहून येतो."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोघेही निघाले, कोणी कोणाशी बोलेना, मी मागे मागे. कडुनिंब आला आणि... मामाजीच धापा टाकत खाली बसले! "जा बाप्पा तुमी. मी हारलो."

बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. आणि जे सुटले ते थेट दर्ग्याच्या पायरीपाशी थांबले. वरून खांद्यावरचा दुपट्टा गरागरा फिरवला. मग हात हळूहळू खाली आला. "न्या आता मले," म्हणाले. आवाज एवढासा झाला होता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने त्यांना उठून चालायला सांगितलं आणि वॉर्डात एकच कालवा. आमच्याकडे पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस म्हणजे जवळजवळ बाळंतीण, खाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही. भेटायला आलेलं अर्धं गाव ओरडलं, "टाके उसवतीन न!" बाबांनी लगेच डोळे मिटून घेतले.

मामाजींनी सगळ्यांना बाहेर काढलं. बाबांना पोटाशी उशी धरायला दिली, सलाईनची बाटली स्वतः उंच धरली आणि म्हणाले, "चला इवाई, दारापर्यंत कोन आधी पोचते पाहू." आठ दिवस ही शर्यत चालली. बाबा शिव्या देत, कण्हत, पण रोज जिंकले.

त्या आठ दिवसांत मी एक पाहिलं. मामाजी खालच्या नळावरून भरलेली बादली घेऊन दोन जिने एका दमात चढायचे. धाप नाही, काही नाही! मी बघतोय हे कळल्यावर हळूच म्हणाले, "इवायाले सांगू नोका, जवाईबुवा."

मी नाही सांगितलं. पुढे काही वर्षांनी मामाजी गेले. अल्लीपूरहून परतताना एसटीत मला राहवेना, मी बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबा खिडकीबाहेरच बघत होते. "मले त्याच दिशी समजलं होतं. दम लागलेला मानूस मिळल तिथं बसते. हा दुपट्ट्यानं दगड झाडून बसला."

"मंग वर काऊन गेलते तुमी?"

"इवाई असून हारला रे तो... माह्या जिवासाठी. मंग मले जा लागलं न."

बाबा त्यानंतर पुष्कळ जगले, नातवाच्या लग्नात पंगतीत बसून जेवले. डॉक्टरांचे आभार आम्ही तेव्हाच मानले होते, पेढे घेऊन गेलो होतो. मामाजींचे मात्र मानायचे राहून गेले... ते आज मानतो.