रास अल खैमातली हवाई आणि न काढायचा हार

लग्नाआधी मी माणसं काढायचे. कागदावर, कोळशाने, उभी-बसलेली-पेंगणारी. आता दुबईत सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत बाथरूमं काढते. कमोड कुठे, बेसिन कुठे, दार आत उघडणार की बाहेर. बाथरूमच्या नकाशात माणूस नसतो, ही त्या कामातली सगळ्यात मोठी सोय आणि सगळ्यात मोठं दुःख.

म्हणून आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती जाहिरात आली तेव्हा माझा चहा निवला. रास अल खैमाच्या एका रिसॉर्टमध्ये ‘हवाई वीकेंड’, त्यात दोन दिवस फिगर ड्रॉइंग. शिकवणार मालिया आंटी. त्यांनी होनोलुलूत आयुष्यभर हेच शिकवलं, आणि सध्या त्या दुबईत आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या. खाली लिहिलं होतं की आंटी लवकरच परत जाणार आहेत, आणि त्यांचा इथला शनिवारचा वर्ग पुढे कोण चालवणार ते या दोन दिवसांत ठरवणार. मला तो वर्ग हवा होता. इतका हवा होता, की घरात कुणालाच सांगायचा धीर झाला नाही. नवऱ्याला, म्हणजे मिलिंदला, मी एवढंच सांगितलं की ब्रेकफास्ट फुकट आहे.

इंटरनॅशनल सिटीतून सकाळी लवकर निघालात तर ३११ नंबरच्या रस्त्याने तासाभरात पोचता. उम्म अल क्वैन मागे पडलं की गर्दी संपते, वाळूत उंट दिसू लागतात आणि पुढे सिमेंटचे ट्रक. वाटेत टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न द्या, कडक चहा खिडकीत येतो. दोन दिरहम. “म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये,” मिलिंद म्हणाला. तो साइट इंजिनियर आहे आणि प्रत्येक घोट रुपयांत पितो. वर्गाची फी जेवणासकट तीनशे दिरहम होती, त्याचे रुपये मी त्याला करू दिले नाहीत. मागे आमची बारा वर्षांची सई हेडफोन लावून बसली होती.

रिसॉर्टमधली हवाई बघण्यासारखी होती. खऱ्या खजुरांच्या झाडांना प्लास्टिकचे नारळ तारेने बांधले होते. फुलाफुलांचा शर्ट घातलेले केरळचे मॅनेजर दारात “अलोहा, हबीबी” म्हणत होते. त्यांच्या शेजारी मालिया आंटी उभ्या होत्या. पांढरे केस, धिप्पाड देह, अंगभर सैल झगा. नाव सांगताना स्वतःच ‘आंटी’ म्हणाल्या. आपल्याकडे बायका ज्या शब्दाला टरकतात, तो तिकडे मान म्हणून लावतात.

त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. लेई म्हणतात त्याला. पण मॅनेजरांनी तो मागवला होता बर दुबईतल्या देवळापाशी बसणाऱ्या फुलवाल्याकडून, त्यामुळे मोगरा आणि शेवंती. आता मोगरा-शेवंतीचा हार गळ्यात पडल्यावर मराठी माणूस काय करतो? हात जोडतो, मान लववतो, हार काढतो आणि टेबलावर ठेवतो. हार ठेवून घेतात ते देव, नवरदेव आणि भिंतीवरचे फोटो. मी काढला.

आंटींनी तो उचलून परत घातला. मला वाटलं, आग्रह करतायत. सत्काराला असा आग्रह झाला की आपण आणखी लाजून काढायचा असतो. मी काढला. त्यांनी घातला. मागून मिलिंदने स्वतःचाही काढून टेबलावर ठेवला. रांग खोळंबली, एक जर्मन कुटुंब आमचे फोटो काढू लागलं. शेवटी मॅनेजर घाईघाईने माझ्या कानाशी आले आणि हिंदीत म्हणाले की मॅडम, इनके यहाँ देनेवाले के सामने उतारना मतलब बेइज्जती. सईने हेडफोन काढले. “Mamma, it’s basically a hug. You’re un-hugging her.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ग सुरू व्हायच्या आधीच आम्ही दोघांनी मिळून परीक्षकाचा तीनदा अपमान केला होता.

सकाळभर आंटींनी कुणाला पेन्सिल धरू दिली नाही. हवाईच्या हुला नाचात पाऊस हाताने सांगतात, डोंगर हाताने, वारा हाताने. त्यांचं म्हणणं, जे हात काय सांगतायत ते कळत नाही, ते काढायचे कसे? आम्ही दहा-बारा जण एसी हॉलमध्ये पाऊस पाडत उभे होतो. दुपारी अबू धाबीहून हुला नाचणारी मुलगी मॉडेल म्हणून यायची होती, ती तापाने आडवी. मॅनेजर कपाळाला हात लावून बसले. आंटींनी हॉलभर नजर फिरवली आणि ऑम्लेटच्या काउंटरपाशी उभ्या मिलिंदकडे बोट केलं.

“फॅमिली प्लेस है मॅडम, टी-शर्ट रहने दीजिए,” मॅनेजर म्हणाले. म्हणून टी-शर्टावरूनच आंटींनी एका खांद्यावर गाठ मारून त्याला एक कापड नेसवलं. मिलिंद सत्यनारायणाला बसल्यासारखा दिसू लागला. त्याला डोंगराची मुद्रा दिली, ती दोन मिनिटं टिकली, कारण साइटवरून फोन आला. काँक्रीटचा पंप बंद पडला होता. “अरे भाई, गाडी खाली मत करो! पहले कॉलम, फिर स्लॅब, यल्ला यल्ला!” फोन खांद्याने कानाशी दाबलेला आणि दोन्ही हातांनी तो हवेत कॉलम उभे करत होता, स्लॅब ओतत होता.

आंटी ओरडल्या की थांबवू नका त्याला. हाच हुला. काढा.

आणि आम्ही काँक्रीट काढलं. माझ्या शेजारी ग्रेस नावाची फिलिपिनो नर्स होती, तिचा हात झरझर चालला होता. माझा मिलिंद प्रमाणात होता, नेटका होता आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बोटाएवढा होता. इतकी वर्षं छोट्या मापात काम केलं की हात तसाच होतो. आंटी मागे आल्या. “कुठे चाललाय हा? निघून जातोय का?” एवढंच विचारून त्यांनी माझ्या गळ्यात आणखी एक हार घातला. मी खोडून पुन्हा काढलं, पुन्हा कोपऱ्यात. आणखी एक हार. असं होता होता मोगरा हनुवटीला लागला. मान खाली जाईना, कागदाचा कोपरा दिसेना. नाइलाजाने मी मागे सरकून हात लांब करून, खांद्यापासून रेघ ओढली. मिलिंदचा एक हात कागदाबाहेर गेला, खालच्या फळीवर उतरला आणि टेबलक्लॉथवर संपला. मला रडू येत होतं. इतकं छान वाटत होतं की काय सांगू.

तिथला बुफे बरा आहे. अननस सगळ्यात घालतात, बिर्याणीतसुद्धा.

रविवारी तेच हार पुन्हा गळ्यात घालून आणखी चित्रं झाली. दुपारी आंटी सगळ्यांसमोर माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, शनिवारचा वर्ग तू घेशील का? आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, आपोआप गेलं, “नो, नो, आंटी. मी कसली शिकवणार? I am nobody.”

आपल्याकडे यानंतर समोरचा म्हणतो, अहो असं कसं, तुम्हीच! मग आपण पुन्हा नाही म्हणतो, मग तिसऱ्यांदा घेतो. आंटींनी मान डोलावली. “ओके,” म्हणाल्या आणि ग्रेसकडे वळल्या.

इतक्यात सई उठून उभी राहिली.

“Wait! The first no is just manners. She wants it. She’s been drawing Papa’s feet when he sleeps!”

मिलिंदने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आंटी परत वळल्या, पण सईकडे नाही, माझ्याकडे. “मला हे मॅनर्स माहीत नाहीत,” त्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या. “मी एकदाच विचारते. उत्तर तिने द्यायचं.”

गळ्यात हार होते, त्यामुळे मान खाली घालताच येत नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “हो. मला हवाय.” मराठीत म्हणाले, पण कळलं त्यांना. ग्रेसनेच पहिली टाळी वाजवली. तिला माझी मदतनीस व्हायचंय म्हणाली, तेही एका दमात.

परतताना सूर्य सिमेंट कारखान्याच्या चिमण्यांमागे गेला. आंटींनी निघताना बजावलं होतं, लेई कचऱ्यात टाकायची नसते, दोरा तोडून फुलं झाडाला अर्पण करायची असतात. इंटरनॅशनल सिटीत आमच्या बिल्डिंगपाशी एकच कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याशी आम्ही तिघं दोरे तोडत होतो, तर वॉचमनला वाटलं काहीतरी पूजा आहे. तोही चपला काढून उभा राहिला.

काय राहिलं माझ्यापाशी? खांदा दुखतोय. कॅमेऱ्यात फोटो फार नाहीत. पण ऑफिसातल्या मॅनेजरला मी सोमवारी न अडखळता सांगणार आहे की शनिवारी कामाला येणार नाही, मी शिकवते. हे वाक्य गाडीतच पाठ केलं.

घरी मी तांदूळ धूत असताना मिलिंद स्वयंपाकघराच्या दारात आला. उगाच फ्रिज उघडून बंद केला. मी विचारलं, शनिवारी मॉडेल म्हणून येशील का? तो हसला. “छे गं, मी कसला मॉडेल. पोट बघ.”

मी “ओके” म्हटलं आणि कुकर लावला. शिट्टी झाली. दुसरी झाली. तो तिथेच.

“अगं,” तो म्हणाला, “निदान एकदा परत विचार.”

तिकडे एकदाच विचारतात, आणि ते मला मनापासून पटलंय. पण हे आमचं घर आहे. मी हात पुसले आणि परत विचारलं.