अण्णांचा नवा पिस्टन

रविवार सकाळ, नवीन जालना. हजर: मी, धाकटा भाऊ सुनील आणि आमच्या वडिलांची, अण्णांची, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. इंजिन उघडताच जळक्या ऑइलचा वास आला, आणि लग्नानंतर अण्णा मला तीर्थपुरीला सासरी सोडायला निघाले ती सकाळ आठवली.

एरवी गाडी सुसाट पळवणारे अण्णा त्या दिवशी बैलगाडीच्या चालीनं चालले होते.

"अण्णा, सायकलवाले पुढं निघून चालले."

"नवा पिस्टन टाकलाय, बाई. नीट बसेपर्यंत जोरात न्यायची न्हाई."

उशीर होतोय म्हणून मी मागं बसून वैतागले होते.

सुनीलनं झिजलेला पिस्टन माझ्या हातावर ठेवला. "ताई, हा तर कंपनीचा पहिलाच हाय. अण्णांनी कधी बदललाच न्हाई."

आता खरोखरच नवा बसवलाय. तीर्थपुरीपर्यंत हळूहळू न्यायची तेवढी राहिलीय.