मांडवामागची सुई

आज गोरेगावच्या सोयऱ्यांकडे पंगतीत सुनेनं माझ्या इन्सुलिनच्या सुईसाठी स्पिरिटचा कापूस काढला, आणि त्या वासानं मला एक जुनं लग्न आठवलं.

माझी नात रोशनी तेव्हा चौदाची. तिला साखरेची बिमारी, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागे. लोकांना कळलं तर पोरीचं लग्न जुळणार नाही, म्हणून मीच तिला मांडवामागं सुई घ्यायला लावली. ती येऊन पंगतीत बसली. पत्रावळीवर भात, बुंदी वाढून झाली; पण वरपक्षाचे मानकरी बसल्याशिवाय घास उचलायचा नाही, हा आमचा रिवाज. मानकरी येईनात. सुई घेतल्यावर वेळेत खाल्लं नाही, तर साखर एकदम उतरते. रोशनीला घाम फुटला, हात थरथरू लागले.

“आबाजी, मले आत्ताच खा लागते.”

“थांब जराशी. लोक पाहून राहिले.”

“लोकायसाठी मरू का मी?”

मी उठलो. बुंदीची मूठ तिच्या तोंडात दिली आणि मांडवभर ओरडलो, “माह्या नातीले शुगर आहे! ते आधी जेवते. कोणाले काही म्हणायचं आहे?”

रोशनीनं बुंदी गिळली आणि भाताला हात घातला. तेव्हा वाटलं, मी तिला वाचवलं. आता कळते, त्या घामात तिला मीच लोटलं होतं.

“मामाजी, आत खोलीत चला,” आज कापूस हातात धरून सून हळूच म्हणाली.

मी पंगतीतच पोटावर सुई घ्यायला सदरा वर केला.